धंदा वाढला की जबाबदारी किती वाढते? मॉरिशसचे २ टक्के आणि आपलं कोकण

बोंडू_लांजा
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचतोय, आज धागा काढतोय. लांज्याजवळ आमचं काजू प्रक्रियेचं युनिट आहे. वडिलांनी सुरू केलं तेव्हा मागच्या पडवीत चार बायका बी फोडायला बसायच्या, आता बॉयलर आहे, कटिंगची मशीनं आहेत, वाळवायला बोरमा आहे आणि कामाला तिसेक माणसं, त्यात बायकाच जास्त. यंदा पुण्या-मुंबईचे दोन मोठे खरेदीदार लागले आणि वर्षअखेरीला हातात बरे पैसे राहिले.

झालं, घरात वाद सुरू. आत्तेभावाने मॉरिशसचं कुठेतरी वाचलं, तिथे म्हणे नफा कमावणाऱ्या कंपनीला २ टक्के समाजकार्यासाठी द्यावेच लागतात, कायदाच आहे. एवढासा देश करतो तर आपण का नाही, गावासाठी दर वर्षी काहीतरी बाजूला काढू या. वडील म्हणतात आधी बँकेचं सीसी (खेळत्या भांडवलाचं कर्ज) फेडा, मग कर्ण व्हा. मी मधल्या मध्ये.

तर विचारायचं हे की छोट्या जागी, जिथे सगळे सगळ्यांना ओळखतात, तिथे धंदा वाढला तर माणुसकी म्हणून किती द्यायचं, कोणाला द्यायचं, आणि हे कायद्याने लादावं की ज्याच्या त्याच्या मनावर सोडावं? ज्यांचे धंदे आहेत त्यांनी जरूर लिहा. ज्यांचे नाहीत ते तर लिहितीलच.

मालवणी_झील
आमचे नाय हत म्हणानच लिवतंव. मालकान गणपतीक शर्टाचो कपडो दिल्यान काय झाली समाजसेवा, आणि वर म्हणतलो 'माझ्या कामगारांक मी घरच्यासारखो वागवतंय'. घरच्यांक तरी खंय पगार देता तो!

सीए_कुडाळ
आधी कायद्याचं बघू, म्हणजे पुढचं भांडण सोपं जाईल. आपल्याकडे कंपनी कायदा २०१३, कलम १३५, अंमल १ एप्रिल २०१४ पासून. नेट वर्थ ५०० कोटी, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एक जरी असलं तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करायचे. आणि हे फक्त कंपन्यांना. कोकणात निम्म्याहून जास्त धंदे प्रोप्रायटरी नाहीतर भागीदारीतले, त्यांना हे कलम शिवतही नाही. तेव्हा बोंडूशेठ, तुमच्यावर सक्ती शून्य.

आणि 'सीएसआरची (कंपन्यांनी समाजासाठी करायच्या या खर्चाची) सक्ती करणारा जगातला पहिला देश भारत' हे जे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं ना, त्याच्या पाच वर्षं आधी, २००९ मध्ये मॉरिशसने केलेलं आहे.

रोखठोक
मला हा सगळा प्रकारच पटत नाही. तीस माणसांना गावात काम मिळालं, त्यांची पोरं शाळेत गेली, त्यातल्या कुणाला मुंबईची गाडी पकडावी लागली नाही, याहून मोठी समाजसेवा कुठली? नफा झाला तर दुसरं युनिट टाका, अजून तीस जणांना लावा. देणग्या वाटणारे शेठ आम्ही पाहिलेत. देवळाच्या जीर्णोद्धाराला लाख रुपये, फलकावर नाव मोठं, आणि कारखान्यात दिवाळीच्या बोनसची बोंब.

बोंडू_लांजा
रोखठोक, दुसरं युनिट टाकायला भांडवल तुम्ही देताय का? :)

आबोली
मी कारखानदाराची नाही, कामगाराची मुलगी. माझी आई वेंगुर्ल्याकडे एका काजू फॅक्टरीत कटिंगला होती, नाव घेत नाही. काजूच्या टरफलात जो चीक असतो तो हाताला लागला की कातडी जळते, आधी पिवळी मग काळी पडते आणि सोलून निघते. बायका बोटांना तेल लावतात, वर राख फासतात. हातमोजे होते, ठेवलेले असायचे कपाटात, इन्स्पेक्शनला बाहेर निघायचे. पण खरं सांगू, मोजे दिले तरी बायका घालायच्या नाहीत, कारण पैसे किलोवर. मोजा घातला की हात मंदावतो, हात मंदावला की संध्याकाळी वजन कमी भरतं. म्हणजे मोजे फुकट आणि मोजे घालण्याची किंमत बाईच्या खिशातून.

पुढे रेशनच्या दुकानात अंगठ्याचं मशीन आलं. आईचा अंगठा घेईना. पुसून बघितला, दुसरं बोट लावून बघितलं, तिसरं, दुकानदार वैतागला, मागे रांग. बोटांवर रेषाच उरल्या नव्हत्या. त्याच साली त्या मालकाने शाळेला कॉम्प्युटर दिले आणि पेपरात फोटो आला. कॉम्प्युटर चांगलेच होते, मी त्याच शाळेत शिकले, मी त्यांच्यावर टायपिंगही केलंय. तरी पण.

बोंडूदादा, तुम्ही टक्के विचारताय. मी म्हणते आधी किलोचा रेट असा लावा की मोजे घालून काम करणाऱ्या बाईची मजुरी पडणार नाही. मग गावाकडे वळा.

मालवणी_झील
आबोलीताय, ह्याच्यार जोक नाय सुचणा.

सीए_कुडाळ
आबोलीताईंच्या मुद्द्याला पुरवणी. काजूवाले बरेचदा 'सीझनल आहे' म्हणून हात झटकतात. पण दहा माणसं असली की ग्रॅच्युइटी लागू होते, आणि सीझनल कामगाराला दर सीझनमागे ७ दिवसांचा पगार या हिशोबाने ती द्यायची असते. वीस झाली की पीएफ. माझ्याकडे येणाऱ्या दर दुसऱ्या धंदेवाल्याच्या हजेरीपटावर एकोणीस माणसं असतात. विसावं माणूस कोकणात जन्मालाच येत नाही.

रोखठोक
सीए साहेब, ते एकोणीस तुम्हीच मोजून देता ना? :D

बाकी आबोली यांचं म्हणणं मान्य, पण तो मजुरी कायद्याचा विषय झाला. त्याला माणुसकी कशाला म्हणायचं, ते देणंच आहे.

आबोली
देणं आहे तर द्या की. दिलं असतं तर मी इथे लिहिलंच नसतं.

पोर्टलुई_रिटर्न
मी काही वर्षं मॉरिशसला हॉटेल लाईनमध्ये होतो, सध्या गुहागरला घरी. बोंडूंच्या आत्तेभावाने वाचलंय ते खरं आहे पण अर्धं. पूर्ण सांगतो, जरा लांबेल.

देश केवढा, तर लोकसंख्या साधारण साडेबारा लाख, म्हणजे आपल्या रत्नागिरी जिल्ह्यापेक्षा कमी, क्षेत्रफळ जिल्ह्याच्या पाव. आधी नुसता ऊस. १९७० पासून निर्यातीच्या कपड्यांचे कारखाने आले, मग हॉटेलं, मग बँका आणि परदेशी कंपन्यांची ऑफिसं. देश वर आला पण सगळे नाही आले, किनाऱ्याला पंचतारांकित हॉटेल आणि थोडं आत गेलं की पत्र्याची घरं. तेव्हा २००९ ला सरकारने म्हटलं २ टक्के द्या, कुठल्या संस्थेला ते मान्यताप्राप्त यादीतून तुम्ही निवडा. झालं काय, कंपन्या आपल्या दारासमोरच देणार, फोटो येईल तिथे देणार. लहान मुलं, शाळा, अपंग, याला पैसे मिळायचे. व्यसनमुक्ती, तुरुंगातून सुटलेले, असल्या कामांना कोण देतो? हे मी स्वतः बघितलं, आमच्या हॉटेलच्या कमिटीत असल्या अर्जाची फाईल खालीच जायची. मग २०१६ अखेरीला सरकारने एक फाउंडेशन काढलं आणि त्या २ टक्क्यांतला आधी निदान अर्धा आणि २०१९ पासून निदान पाऊण हिस्सा टॅक्स खात्यामार्फत तिकडे वळवला. कंपन्या चिडल्या, म्हणाल्या मग हा सरळ टॅक्सच झाला की. छोट्या संस्था पण कुरकुरल्या, आधी ओळखीच्या मॅनेजरकडे जाऊन काम व्हायचं, आता फॉर्म भरा आणि वाट बघा.

म्हणजे सक्ती केली तर पैसा येतो पण आपलेपणा जातो, आणि मनावर सोडलं तर आपलेपणा फक्त आपल्या माणसांपुरता राहतो. दोन्ही बघितलंय.

एक अजून. तिथले मराठी लोक म्हणजे बरेचसे आपल्याच कोकणातून गेलेल्यांची पणतवंडं. गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते, आपल्या जाखडीचा नाच त्यांनी जपलाय, 'झाकरी' म्हणतात. १८३४ पासून गिरमिटावर माणसं नेली उसाच्या मळ्यांत, करार करून, अंगठे घेऊन. आणि आज त्याच देशातल्या कापड कारखान्यांत कामाला बांगलादेशी पोरं, दहा-बारा जण एका खोलीत. त्यांचं ते २ टक्क्यांत कुठे बसत नाही.

मालवणी_झील
गणपतीक सरकारी सुट्टी?? खंयचो फॉर्म भरूचो लागता मॉरिशसाक जाऊक?

खारवी_हर्णै
पोर्टलुईवाल्यांनी शेवटी लिहिलं तेच लिहायला आलो. आमच्याकडे बोटीवर खलाशी आता नेपाळचे, नाहीतर कर्नाटक, यूपी, झारखंड. रत्नागिरीच्या आंबा बागायतदारांना विचारा, राखणीला, काढणीला, सगळीकडे नेपाळी. सीझन त्यांच्यावर चालतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हा गावी जातात, ऑगस्टला आला तर आला, म्हणून मालक काय करतो, थोडा पगार अडकवून ठेवतो. मीही बोटवाला आहे, मला दोन्ही बाजू कळतात, अ‍ॅडव्हान्स घेऊन पळालेले पण पाहिलेत. पण खलाशी रात्री पाण्यात पडला तर त्याच्या घरी कळवायला नंबरसुद्धा नसतो कित्येकांकडे. नेपाळी पोराकडे आधार नाही म्हणून विम्यात नाव लागत नाही. मग मालकाच्या मनावर. चांगला मालक असला तर प्रेत गावाला पोचवतो आणि घरी पैसे पाठवतो. नसला तर...

गावाला अँब्युलन्स देणं सोपं आहे हो, गाव आपलं आहे, मतं आपली आहेत.

रोखठोक
खारवीदादा, हे तुम्ही तुमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये बोलता का?

खारवी_हर्णै
बोललो. पुढचा विषय डिझेल परताव्याचा होता, सगळे तिकडे वळले.

वाशिष्ठीकर
चिपळूणहून. २२ जुलै २०२१ चा पूर विसरणं शक्य नाही, बाजारपेठेत माझं दुकान, माळ्यावरचा मालसुद्धा वाचला नाही. त्यानंतर जी मदत आली त्याला तोड नाही, सांगली-कोल्हापूरकडची पोरं स्वतः पुरातून उठलेली, तरी फावडी घेऊन आली आणि दुकानातला चिखल उपसला. नाव नाही, बॅनर नाही. आणि त्याच रस्त्यावर कंपन्यांचे टेम्पो, प्रत्येक पाण्याच्या बाटलीवर स्टिकर. जुन्या कपड्यांचे ढीग तर इतके आले की तेच पुन्हा रस्त्यावर चिखलात पडले. आम्हाला कपडे नको होते, आम्हाला हवा होता जनरेटर, पंप, ब्लीचिंग पावडर आणि बँकेच्या हप्त्याला मुदत.

एका व्यापाऱ्याचं मात्र सांगायलाच हवं. होलसेलवाला, त्याने आमच्यासारख्या किरकोळ दुकानदारांची उधारी सहा महिने मागितलीच नाही, वर नवीन माल उधारीवर दिला. म्हणाला तुम्ही उभे राहिलात तर माझा धंदा उभा राहील. ही माणुसकी की धंदा? मला फरक सांगता येणार नाही, आणि सांगायची गरजही वाटत नाही.

मास्तर_इतिहासाचे
वाशिष्ठीकरांच्या प्रश्नावरून आठवलं, जरा विषयांतर. छोटा देश, धंदा आणि माणुसकी म्हटलं की स्वित्झर्लंडचा हेन्री द्यूनां. रेड क्रॉसचा जनक म्हणून शाळेत शिकवतो आम्ही, पण तो तिथे गेला कशाला हे कोणी सांगत नाही. हा जिनिव्हाचा धंदेवाईक माणूस, अल्जीरियात पिठाच्या गिरणीची कंपनी काढलेली, पाण्याचे हक्क आणि जमिनीची परवानगी अडकली होती. ती सोडवायला थेट सम्राट तिसऱ्या नेपोलियनला गाठायला निघाला, आणि सम्राट तेव्हा उत्तर इटलीत लढाईवर. २४ जून १८५९, सोल्फेरिनो. संध्याकाळी पोचला तर हजारो जखमी मैदानात तसेच पडलेले, विचारायला कोणी नाही. कास्तिल्योने गावातल्या बायकांना हाताशी धरून त्याने दोन्ही बाजूंच्या सैनिकांची शुश्रूषा केली. १८६३ मध्ये जिनिव्हात समिती उभी राहिली, पुढे तिचंच आंतरराष्ट्रीय रेड क्रॉस झालं.

आता पुढचा भाग बोंडूंच्या वडिलांसाठी: धंद्याकडे दुर्लक्ष झालं, १८६७ ला दिवाळं वाजलं, जिनिव्हा सोडावं लागलं, अनेक वर्षं गरिबीत काढली. १९०१ चं शांततेचं पहिलं नोबेल त्याला विभागून मिळालं, पण तोवर म्हातारा झाला होता.

बोंडू_लांजा
मास्तर, हे वडिलांना वाचून दाखवलं. म्हणाले, 'बघ, मी काय म्हणत होतो.'

रोखठोक
मास्तर, अल्जीरियातली ती जमीन फ्रान्सने कोणाकडून हिसकावली होती तेही मुलांना शिकवता का?

मास्तर_इतिहासाचे
शिकवतो. परीक्षेत येत नाही म्हणून मुलं लिहून घेत नाहीत. आणि त्याच स्वित्झर्लंडमध्ये २९ नोव्हेंबर २०२० ला मतदान झालं, की स्विस कंपन्यांनी परदेशात माणसांचं किंवा पर्यावरणाचं नुकसान केलं तर त्यांना घरच्या कोर्टात जबाबदार धरावं का. ५०.७ टक्के लोकांनी हो म्हटलं, तरी प्रस्ताव पडला, कारण तिथे जनतेच्या बहुमताबरोबर कँटनांचं म्हणजे प्रांतांचंही बहुमत लागतं आणि जास्त कँटन विरोधात गेले. तेव्हा रेड क्रॉसच्या गावालाही हे सोपं गेलेलं नाही.

बीवाला
मी कच्च्या बीचा व्यापार करतो, कोकणातल्या युनिटांना पुरवतो. सगळे गावाबद्दल बोलतायत म्हणून विचारतो, बोंडूशेठ, तुमच्याकडे वर्षभर मशीन चालते ती सगळी लांज्याच्या बीवर चालते का? नाही ना. कोकणची बी मार्च ते मे, पुढे आफ्रिकेची. बेनिन, आयव्हरी कोस्ट, टांझानिया, गिनी-बिसाऊ.

यातला गिनी-बिसाऊ बघा. वीसेक लाखांचा देश, पोर्तुगीजांची जुनी वसाहत. काजू पोर्तुगीजांनीच ब्राझीलहून गोव्यात आणला, त्यांच्याकडेही त्यांनीच लावला. आज त्या देशाच्या निर्यातीतला ९० टक्क्यांच्या आसपास वाटा एकट्या काजूचा, आणि तो जवळजवळ सगळा कच्चा बाहेर जातो, आपल्याकडे आणि व्हिएतनामला. फोडणं, सोलणं, ग्रेडिंग, म्हणजे ज्यात पैसा आहे ते सगळं इकडे. तिथला शेतकरी कित्येकदा बीच्या बदल्यात तांदूळ घेतो. सरकार दर वर्षी भाव जाहीर करतं, पण भाव पडला की व्यापारी त्याच्या खाली उचलतो आणि शेतकऱ्याला देण्यावाचून गत्यंतर नसतं कारण पावसाळा तोंडावर असतो.

आपला आंबेवाला वाशीच्या दलालाकडून उचल घेतो आणि मग पेटीला जो भाव मिळेल तो मुकाट घेतो, त्याच्या जागी तो शेतकरी उभा करा. वाशीच्या नावाने आपण बोटं मोडतो, तिथे वाशीवाले आपण आहोत.

मालवणी_झील
आता ह्या काजूच्या पिशवीकडे बघूक पण भीती वाटता.

रोखठोक
बीवाले, असं मोजत बसलात तर कोणी धंदाच करू नये. भाव आंतरराष्ट्रीय बाजारात ठरतो, लांज्याचा माणूस बिसाऊच्या शेतकऱ्याला काय देणार?

बीवाला
लांज्याचा माणूस एकटा काही नाही देणार, मान्य. मी काय द्यावं हेही मला नेमकं माहीत नाही. पण 'गावासाठी २ टक्के' म्हणताना गाव कुठवर, एवढं तरी डोक्यात असू दे.

पोर्टलुई_रिटर्न
गाव कुठवर यावरून. २५ जुलै २०२० ला मॉरिशसच्या आग्नेय किनाऱ्याला वाकाशियो नावाचं जहाज प्रवाळावर चढलं, मालक जपानी, झेंडा पनामाचा. ६ ऑगस्टला तेल गळायला लागलं, साधारण हजार टन समुद्रात. मी तेव्हा तिथेच, हॉटेल कोविडमुळे बंद. सरकार म्हणत होतं थांबा, लोक थांबले नाहीत. उसाचं पाचट कापडात भरून लांबच लांब नळ्या शिवल्या, सलूनवाल्यांनी कापलेले केस दिले कारण केस तेल धरतात, रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या आत घातल्या तरंगायला. आमच्या हॉटेलच्या मालकाने पडद्यांचं कापड काढून दिलं आणि हाउसकीपिंगच्या बायकांना पगारी शिवायला बसवलं. पगारी, हे महत्त्वाचं. ते कुठल्या २ टक्क्यांत धरलं नसेल.

आणि ज्या जहाजाने केलं त्याच्या मालकाशी भरपाईची बोलणी, वकील, कुठला आंतरराष्ट्रीय करार लागू, हे चालूच राहिलं. मच्छीमार वाट बघत बसले.

खारवी_हर्णै
आमच्याकडे पावसाळ्याच्या सुरुवातीला दर वर्षी डांबराचे गोळे किनाऱ्याला लागतात. कुठल्या जहाजाचे, कोणी विचारत नाही. निसर्ग वादळात (३ जून २०२०) श्रीवर्धन-दिवेआगरला सुपाऱ्यांच्या वाड्या आडव्या झाल्या, त्याला तरी पंचनामा होता.

व्यवस्थापक
जहाज आणि तेलापर्यंत ठीक आहे. एक-दोन प्रतिसाद उडवले आहेत, रिफायनरीसाठी वेगळा धागा आहे, तिथे भांडा.

सीए_कुडाळ
मूळ प्रश्न राहिला बाजूला. बोंडूशेठ, माझा सल्ला, टक्का नफ्यावर लावू नका. नफा कागदावर कमी-जास्त करता येतो, आम्ही त्याचेच पैसे घेतो. लावायचाच तर मालाच्या किलोवर लावा, विकलेल्या दर किलोमागे अमुक रुपये बाजूला. तो आकडा वडिलांनाही दिसतो आणि कामगारांनाही, आणि वाईट वर्षातही थोडं काहीतरी जमतं.

रोखठोक
हे मात्र बरं आहे. आणि ते पैसे कुठे जातात ते मालकाने एकट्याने ठरवू नये, कामाला असलेल्या दोन बायका बसवा ठरवायला. (मी सुधारलो असं कोणी समजू नये.)

बोंडू_लांजा
सगळे प्रतिसाद वाचले, काल रात्री जेवताना वडिलांशी पुन्हा बसलो. सीसी आधी फेडायचं यावर ते ठाम. पण आबोलीताईंचं वाचून आई मध्ये पडली, ती स्वतः सुरुवातीला फोडायला बसायची, तिच्या बोटांचं वडिलांना सांगावं लागलं नाही. तर कटिंगचा किलोचा रेट या सीझनपासून वाढवतोय, मोजे घालून जेवढं वजन होतं ते धरून. किलोमागे बाजूला काढायचं पुढच्या वर्षी, किती ते ठरलेलं नाही, त्यावर अजून भांडण आहे. सरपंच गावासाठी अँब्युलन्स मागत होते, त्यांना 'नाही' म्हटलं, ते नाराज आहेत. आणि बीवाले, तुमचं डोक्यात राहिलंय पण हातात काही येत नाहीये.

आबोलीताई, तुमच्या आईंकडे विचाराल का, मोजे कुठले चांगले? आम्ही आणलेले रबराचे आतून घामाने चिकटतात, बायका अर्ध्या तासात काढून ठेवतात.

आबोली
विचारलं. आई म्हणते जाड रबरी नको, आत सुती पातळ मोजा आणि वरून पातळ रबरी, आणि सुती रोज धुवायला दुसरा जोड हवा. पकडायच्या हाताला घातला तरी चालेल, चीक त्यालाच जास्त लागतो. आणि म्हणाली, मापाचे आणा, पुरुषांच्या मापाचे आणतात सगळे.

बोंडू_लांजा
मापाचं सुचलंच नव्हतं. उद्या हात मोजून घेतो सगळ्यांचे. सीए साहेब, एक शंका, ठेकेदाराकडून आलेल्या बायका पीएफच्या वीसमध्ये धरतात का?

सीए_कुडाळ
धरतात. सोमवारी ऑफिसला या, हजेरीपट घेऊन. खरा.